दिदिए देशाँ: बॉल गमावला की कोण कुठे उभं?

मध्यरेषा

"फ्रान्स बघायला कंटाळा येतो, पण शेवटच्या चारांत असतातच" ही तक्रार दर मोठ्या स्पर्धेत ऐकू येते आणि तिचा रोख असतो फुटबॉल प्रशिक्षक दिदिए देशाँवर. ८ जुलै २०१२ ला त्यानं लोराँ ब्लाँकडून फ्रान्सचा संघ हाती घेतला. तेव्हापासून विश्वचषकाच्या दोन अंतिम लढती, त्यातला २०१८ चा विजय, २०१६ च्या युरोची (युरोपीय देशांच्या स्पर्धेची) अंतिम लढत, २०२१ चं नेशन्स लीगचं विजेतेपद. फ्रान्सच्या प्रशिक्षकपदी सर्वाधिक सामन्यांचा आधीचा उच्चांक रेमों दोमेनेकचा ७९ होता. देशाँ त्याच्या दुपटीपुढे गेला. तरी त्याला "नशीबवान" म्हणणारे कमी नाहीत. हा चर्चेचा धागा त्याच्या कामाच्या पद्धतीवर आहे, करंडकांच्या यादीवर नाही.

आधी खेळाडू, कारण प्रशिक्षक तिथूनच आला. जन्म १९६८, बायोन. म्हणजे बास्क मुलूख, रग्बीचा प्रदेश. लहानपणी रग्बीही खेळला. १९८३ मध्ये नाँत क्लबच्या अकादमीत गेला, १९८५ मध्ये पहिल्या संघात आला, १९८९ मध्ये मार्सेयला. त्यांनी एक हंगाम बोर्दोला उसना दिला, मग परत आणला. २६ मे १९९३ ला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम लढतीत बाझिल बोलीच्या हेडरवर मार्सेयनं मिलानला १-० हरवलं, तेव्हा कर्णधार देशाँ होता, वय २४. पुढे १९९४ ते १९९९ इटलीतला युव्हेंटस: तीन लीग विजेतेपदं, १९९६ ची चॅम्पियन्स लीग, आणि १९९७ व १९९८ च्या हरलेल्या अंतिम लढती. नंतर एकेक हंगाम चेल्सी आणि व्हॅलेन्सिया. २००१ मध्ये बूट टांगले.

देशाकडून १०३ सामने, गोल फक्त चार. फ्रान्सचाच आघाडीवीर कँटोनानं त्याला "पाणक्या" म्हणून हिणवलं होतं. हिणवणं सोडून द्या, कामाचं वर्णन चुकीचं नव्हतं. १९९८ च्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत तेव्हाचा प्रशिक्षक एमे जाकेनं झिदान आणि जोर्काएफच्या मागे देशाँ, पेती आणि काराँबो असे तीन राबणारे ठेवले. त्यामुळे थुराम आणि लिझाराझू निर्धास्तपणे वर जायचे. लिझाराझू वर गेला की देशाँनं त्याच्या रिकाम्या जागेकडे सरकायचं, बॉल काढून घ्यायचा आणि पाच-सात मीटरवर झिदानला द्यायचा. सात सामन्यांत फ्रान्सवर दोनच गोल झाले, त्यातला एक डेन्मार्कची पेनल्टी. मध्य-आघाडीवीर गिवार्शला अख्ख्या स्पर्धेत एकही गोल करता आला नाही आणि तरी संघ जगज्जेता झाला. हे लक्षात ठेवा, २०१८ मध्ये पुन्हा लागेल.

माझं म्हणणं एवढंच: देशाँ संघ निवडताना "आपल्याकडे बॉल असताना काय" याआधी "बॉल गमावल्यावर कोण कुठे उभा असेल" हे ठरवतो. सुंदर खेळाचं प्रकरण त्यानंतर. जाणकारांनी भर घालावी.

बालेवाडीकर

आधी थोडं अवांतर. १९९८-२००० च्या त्या पिढीतले तिघं २०१४ च्या पहिल्याच इंडियन सुपर लीगमध्ये आपल्याकडे येऊन गेले: त्रेझेगे पुण्याकडून, पिरेस गोव्याकडून, अनेल्का मुंबईकडून. ऐन भरातले नव्हते, पण होते.

आता मुद्दा. त्रेझेगे हा देशाँचा २००६-०७ चाही, म्हणजे तो युव्हेंटसचा प्रशिक्षक असतानाचाही माणूस, आणि त्या हंगामाबद्दल फार कमी लिहिलं जातं. सामनानिश्चितीच्या प्रकरणात युव्हेंटसला सेरी बी मध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या विभागात ढकललं. सुरुवातीला वजा ३० गुण, मग १७, शेवटी ९. कॅनाव्हारो, झंब्रोता, थुराम, इब्राहिमोविच, एमर्सन, व्हिएरा सगळे गेले. बुफाँ, देल पिएरो, नेडव्हेड, त्रेझेगे, कामोरानेझी थांबले. पहिलाच सामना रिमिनीत १-१.

अशा संघाची अडचण कौशल्याची नसते. विश्वचषकाची अंतिम लढत खेळलेल्या माणसाला लहान गावातल्या मैदानावर, समोरचे अकराही पेनल्टी बॉक्सपाशी उभे असताना, आठवड्यामागून आठवडा तोच सामना खेळायचा असतो. देशाँनं मोठी नावं पुढे ठेवली आणि खालून किएलिनी, मार्किझिओ, जोव्हिंको, पालादिनो यांना मिनिटं दिली. नऊ गुण कापूनही ८५ गुणांनी पहिला नंबर, देल पिएरोचे २० गोल. बढती पक्की झाल्यावर लगेच, हंगाम संपायच्या आत, तो बाहेर पडला. मंडळाशी पटलं नाही. किएलिनी आणि मार्किझिओ मात्र पुढची दहा वर्षं त्या क्लबचा कणा होते.

थ्रोइन

बचावात्मक हा शिक्का मारणाऱ्यांनी २००३-०४ चा देशाँचा मोनाको पाहावा.

पार्श्वभूमी अशी: २००१ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी, मधे कुठेही सहायक न राहता, थेट मोनाकोचा मुख्य प्रशिक्षक. पहिल्या हंगामात पंधरावं स्थान. दुसऱ्यात लीग कप, आणि लीगमध्ये लियाँच्या एकाच गुणानं मागे. मग २००३ च्या उन्हाळ्यात क्लबच्या कर्जामुळे फ्रेंच आर्थिक नियंत्रकांनी खालच्या विभागात टाकायचा निर्णय दिला, तो अपिलात फिरला. खरेदीला पैसा नाही, म्हणून रेआल माद्रिदला नको असलेला मोरिएंतेस उसना आणला.

रचना सोपी होती. डावीकडे एव्हरा मागे आणि रोतेन पुढे. रोतेनचा डावा पाय म्हणजे क्रॉसचा कारखाना. उजवीकडे इबारा मागे, ज्युली पुढे, आणि ज्युली बॉल न मागता बचावाच्या पाठीमागे धावणारा. मधे बर्नार्दी आणि झिकोस जागा न सोडणारे. दोन्ही बाजूंनी हल्ला करायची मुभा या दोघांमुळे. म्हणजे मध्यरेषा यांचंच सूत्र, फक्त वेग जास्त.

चॅम्पियन्स लीगच्या गटात देपोर्तिवोला ८-३, त्यात प्रशोचे चार. उपांत्यपूर्व फेरीत माद्रिदमध्ये २-४ हार, पण मोरिएंतेसचा ८३ व्या मिनिटाचा गोल सोन्याच्या भावाचा ठरला: घरी ३-१ जिंकून ५-५, आणि परक्या मैदानावरच्या गोलांवर पुढे. उपांत्य फेरीत चेल्सीविरुद्ध १-१ असताना ५३ व्या मिनिटाला झिकोसला लाल कार्ड. दहा जणांत मोरिएंतेस आणि नोंदानं आणखी दोन मारले, ३-१.

अंतिम लढतीत काय बिघडलं हेही साधं आहे. २३ व्या मिनिटाला ज्युली जखमी होऊन बाहेर. मागच्या जागेत धावणारा एकमेव माणूस गेला, बदली आलेला प्रशो बॉल पायात मागणारा. पोर्तोची बचावफळी निवांत वर सरकली. ३९, ७१, ७५ मिनिटांना गोल, ०-३.

सहानंबर

२०१८ च्या विश्वचषकाचं तपशिलात लिहितो, कारण अख्खी स्पर्धा पहिल्या दोन सामन्यांमध्ये ठरली.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुढे एम्बाप्पे, ग्रीझमन, डेम्बेले आणि मधे तोलिसो. कागदावर भन्नाट. प्रत्यक्षात बॉल गमावल्यावर पुढचे तिघं पुढेच उभे, समोर लांब पास घेऊन धरून ठेवणारा कुणी नाही, आणि काँते एकटा रुंदी भरून काढतोय. २-१ जिंकले, पण एक गोल पेनल्टीचा आणि दुसरा प्रतिस्पर्ध्याला लागून गेलेला.

पेरूविरुद्ध दोन बदल: डेम्बेले आणि तोलिसो बाहेर, जिरू आणि मात्विदी आत. रचना ४-२-३-१ (आकडे बचावाकडून आघाडीकडे) अशी लिहितात, पण डावा विंगर म्हणून लिहिलेला मात्विदी विंगर नव्हताच. बॉल समोरच्यांकडे गेला की तो पोग्बा-काँतेच्या रांगेत यायचा, म्हणजे मधे तिघं. ग्रीझमन जिरूच्या खाली मध्यभागी उतरायचा. उजवीकडे एम्बाप्पेला पूर्ण मागे यायची सक्ती नव्हती. या एकाच सवलतीसाठी बाकीच्यांची मांडणी होती. बॉल हाती आला की पोग्बा डावीकडून तिरका लांब पास उजवीकडे टाकायचा. अंतिम लढतीतला तिसरा गोल जसाच्या तसा हाच: पोग्बाचा पास, एम्बाप्पेची धाव, ग्रीझमन, आणि पुन्हा पोग्बाचा डावा पाय.

पावार आणि लुका हर्नांडेझ हे बाजूचे बचावपटूही मुळात मध्य-बचावाची सवय असलेले. सिदिबे आणि मेंदी दुखापतींतून पुरते सावरले नव्हते, हे एक कारण. पण वरान-उमतितीच्या शेजारी असे दोघं असले की एका वेळी एकच वर जातो आणि मागे तीन उरतात.

जिरूचा गोलकडे अचूक गेलेला फटका स्पर्धाभरात शून्य. लोकांनी थट्टा केली. पण दोन मध्य-बचावपटू त्याच्या अंगाला चिकटलेले असायचे, म्हणून ग्रीझमनला वळायला जागा मिळायची. गिवार्शची आठवण इथेच येते. देशाँनं १९९८ मध्ये हे मागून पाहिलं होतं.

आणि कॉर्नर-फ्रीकिक: उरुग्वेविरुद्ध वरानचं हेडर ग्रीझमनच्या फ्रीकिकवर, बेल्जियमविरुद्ध उमतितीचं हेडर ग्रीझमनच्या कॉर्नरवर, अंतिम लढतीत मांजुकिचचा स्वयंगोल ग्रीझमनच्या फ्रीकिकवर, आणि पेनल्टीला कारण ठरलेला पेरिसिचचा हात कॉर्नरवर. उपांत्यपूर्व फेरीपासून सात गोल, त्यांतले चार असे. याला नशीब म्हणणाऱ्यांना नमस्कार.

पेनल्टीबॉक्स

सगळं मान्य, पण एकतर्फी चाललंय. २८ जून २०२१, बुखारेस्ट, युरोमध्ये स्वित्झर्लंडविरुद्धचा सामना. डाव्या बाजूचे लुका हर्नांडेझ आणि दिन्य दोघेही तंदुरुस्त नाहीत. साहेबांनी काय केलं? मागे वरान, लांगले, किंपेंबे असे तिघं, आणि डावा विंगबॅक (बाजूनं बचाव आणि हल्ला दोन्ही करणारा) म्हणून राबिओ. स्पर्धेत तोवर न वापरलेली रचना थेट बाद फेरीत! पंधराव्या मिनिटाला लांगलेच्या डोक्यावरून सेफेरोविचचा हेडर. मध्यंतराला लांगले बाहेर, कोमाँ आत, पुन्हा चौघं मागे. योरिसनं पेनल्टी अडवली, बेंझेमाचे दोन, पोग्बाचा एक, ३-१. तिथून ८१ आणि ९० मिनिटांना दोन गोल खाल्ले आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये हरले. ज्याच्या पद्धतीचा गाभाच "बॉल गमावल्यावर कोण कुठे" हा आहे, त्याच्या संघानं शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोलांची आघाडी घालवली, आणि ऐंशीव्या मिनिटानंतरही पोग्बा मध्यावर बॉल घेऊन खेळत होता. दुसरा गोल तिथूनच गेला.

२०२४ चा युरो घ्या. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पाच सामन्यांत तीन गोल: दोन प्रतिस्पर्ध्यांचे स्वयंगोल, एक पेनल्टी. चालू खेळातला फ्रेंच माणसाचा पहिला गोल उपांत्य फेरीत, कोलो म्वानीचा, नवव्या मिनिटाला. स्पेननं २१ आणि २५ व्या मिनिटाला दोन मारून विषय संपवला. काँते, चुआमेनी, राबिओ तिघंही बॉल मिळवणारे. पुढे नेऊन देणारा कोण? जिरू राखीव, ग्रीझमन कधी उजवीकडे, कधी मागे, कधी बाकावर. एम्बाप्पेचं नाक पहिल्याच सामन्यात मोडलेलं. तोल सांभाळता सांभाळता तराजूच रिकामा राहिला.

मध्यरेषा

@पेनल्टीबॉक्स, २०२१ बद्दल पूर्ण सहमत. त्या सामन्यात दुखापतीनं पडलेलं एक भोक बुजवायला त्यानं पाच जागा हलवल्या. त्याच्या चांगल्या सामन्यांत नेमकं उलट असतं: एक-दोन माणसं बदलतात, आणि तीही थोड्याच मीटरनं.

२०२२ चा विश्वचषक हे त्याचं उदाहरण. पोग्बा, काँते, किंपेंबे, एन्कुंकू दुखापतींमुळे आधीच बाहेर, बेंझेमा स्पर्धेच्या तोंडावर, लुका हर्नांडेझ पहिल्या सामन्याच्या नवव्या मिनिटाला. ग्रीझमनला त्यानं आघाडीतून काढून चुआमेनी-राबिओच्या बाजूला तिसरा मिडफिल्डर केलं. तो पळतो, बॉल काढून घेतो आणि शेवटचा पासही देतो, म्हणून दोन माणसांचं काम एका जागेत बसलं. तुम्ही २०२४ मध्ये जो दुवा शोधताय, तो हाच.

एम्बाप्पे आता डावीकडे, आणि मागे न येणारा. ते भोक राबिओ भरायचा. मोरोक्कोविरुद्ध राबिओ आजारी, फोफाना खेळला, आणि हकिमीच्या बाजूनं दाब वाढत गेला. ६५ व्या मिनिटाला जिरूला काढून मार्कुस थुरामला आणलं, पण मधे नाही, डावीकडे. एम्बाप्पे मध्यभागी. थुराम हकिमीबरोबर मागे पळत राहिला आणि दाब ओसरला. ७९ व्या मिनिटाला कोलो म्वानीनं दुसरा गोल केला. (हा मार्कुस म्हणजे १९९८ च्या लिलियाँ थुरामचा मुलगा. कर्णधाराच्या सोबत्याचा पोरगा त्याच कर्णधाराच्या हाताखाली.)

अंतिम लढतीत अर्जेंटिनानं दि मारियाला डावीकडे ठेवलं. डेम्बेलेला मागे येऊन कुंदेला मदत जमेना. २३ व्या मिनिटाची पेनल्टी डेम्बेलेच्या चुकीवर, ३६ व्या मिनिटाचा गोल दि मारियाचा. ४१ व्या मिनिटाला, मध्यंतराची वाटही न बघता, जिरू आणि डेम्बेले बाहेर, थुराम आणि कोलो म्वानी आत. ७१ व्या मिनिटाला ग्रीझमन आणि तेओ हर्नांडेझ बाहेर, कोमाँ आत, आणि कामाविंगा डावा बॅक! ८० आणि ८१ मिनिटांचे दोन्ही गोल या बदल्यांतून निघाले: पेनल्टी कोलो म्वानीनं मिळवली, दुसऱ्यात कोमाँनं मेस्सीकडून बॉल काढला आणि शेवटचा पास थुरामचा. सुरुवातीची अकरा चुकली होती हे खरंच. पण जगज्जेत्यांच्या वयोवृद्ध आणि लाडक्या जिरूला ४१ व्या मिनिटाला बसवणं हा सावध माणसाचा निर्णय नव्हे.

उजवाबॅक

माणसं हाताळण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. नोव्हेंबर २०१३, विश्वचषक पात्रतेच्या लढतीत कीव्हमध्ये युक्रेनकडून ०-२. चार दिवसांनी घरच्या सामन्यासाठी पाच बदल: वरान, साखो, काबाय, वाल्बुएना, बेंझेमा. ४-२-३-१ सोडून ४-३-३. ३-० जिंकले, दोन गोलांत साखोचा वाटा. कीव्हमध्ये खेळलेला नास्री पुन्हा कधीच फ्रान्सकडून खेळला नाही. २०१४ च्या चमूसाठी निकष उघड होता: बाकावर बसून कुरकुरणारा नको.

पण तो दार कायमचं बंद करतोच असं नाही. राबिओनं २०१८ मध्ये राखीव यादीत राहायला नकार दिला होता, आणि २०२२ मध्ये तोच मुख्य खांब. बेंझेमा साडेपाच वर्षं बाहेर, २०२१ मध्ये परत. उपयोग झाला की जुना हिशेब मिटतो.

सहायक गी स्तेफाँ हा देशाँ मार्सेयचा प्रशिक्षक झाल्यापासून, म्हणजे २००९ पासून त्याच्यासोबत. मार्सेयला पहिल्याच हंगामात १८ वर्षांनी लीग, आणि लागोपाठ तीन लीग कप. तिसऱ्या हंगामात मात्र लीगमध्ये दहावे. क्लबमध्ये त्याची पद्धत तिसऱ्या वर्षी पातळ होते असं माझं मत. मोनाकोतही अंतिम लढतीनंतर दीड वर्षात राजीनामा. राष्ट्रीय संघात रोजचा सहवास नसतो, म्हणून तिथे ती इतकी टिकली.

अर्धवेळ

छान चर्चा. एक प्रश्न: सामना बघताना हे "तोल" वगैरे ओळखायचं कसं? टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे असतो.

सहानंबर

@अर्धवेळ, बॉल समोरच्या गोलकीपरच्या हातात असेल तेव्हा बघा. तेव्हा कॅमेरा लांबून दाखवतो आणि फ्रान्सची मांडणी दिसते. पुढे किती जण उभे आहेत ते मोजा. दोन असतील तर ठीक, एम्बाप्पे आणि मध्य-आघाडीवीर. तीन-चार असतील तर मधल्या फळीवर ताण येणार हे पहिल्या दहा मिनिटांतच कळतं.

मग एम्बाप्पेच्या मागचा मिडफिल्डर पकडा. समोरचा राइट बॅक पुढे निघाला की तो बाजूला सरकतो का? सरकला तर मधे जागा पडते, ती आतला दुसरा भरतो का? दोनदा उशीर झाला की तिसऱ्यांदा धोका. देशाँ बदल करतो तो बहुधा याच सुमारास. आणि फ्रान्सच्या कॉर्नरला मध्यरेषेपाशी मागे थांबलेले मोजा. तीन थांबवले तर आघाडी सांभाळायची आहे, दोनच असतील तर गोल हवा आहे.

जून २०२५ चा नेशन्स लीगचा स्पेनविरुद्धचा सामना मिळाला तर पाहा. एम्बाप्पे, डेम्बेले, ओलिसे, दुए असे चौघं पुढे, मधे राबिओ आणि कोने दोघंच, मागे सालिबा, कुंदे, उपामेकानो नाहीत. ५५ व्या मिनिटाला ०-४. मग शेर्कीसारखे ताजे पाय येऊन ४-५ पर्यंत आले.

पेनल्टीबॉक्स

म्हणजे मोकळा खेळ केला की पाच खातात आणि जखडला की गोल होत नाहीत. मग जानेवारी २०२५ मध्येच "२०२६ च्या विश्वचषकानंतर थांबणार" असं जाहीर केलं ते बरंच केलं म्हणायचं. :)

थ्रोइन

@पेनल्टीबॉक्स, त्या सामन्यात मागची पहिली पसंती नव्हती हे विसरू नका. चौघं पुढे ठेवायचे तर मागचे चौघं ठरलेले लागतात.

अर्धवेळ

२०१८ च्या अंतिम लढतीत काँतेला ५५ व्या मिनिटाला का काढलं? तेव्हा २-१ होतं ना?

मध्यरेषा

हो, २-१. काँतेच्या पोटाची तक्रार होती आणि २७ व्या मिनिटाला पिवळं कार्ड मिळालेलं. पेरिसिच आणि मोद्रिच त्याच्या अंगावरून जात होते, दुसरं कार्ड कधीही आलं असतं. एन्झोंझी उंच, म्हणून मांजुकिचसाठी येणारे लांब बॉल मधेच डोक्यानं काढायला उपयोगी. तो आल्यावर चार मिनिटांत पोग्बाचा गोल, दहा मिनिटांत एम्बाप्पेचा. ६९ व्या मिनिटाचा क्रोएशियाचा दुसरा गोल योरिसच्या हलगर्जीपणाचा, त्याचा या बदलाशी संबंध नाही.